दुर्बिणीच्या आधी आणि दुर्बिणीच्या नंतर

चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जातो, एका पायावर वळतो आणि मध्यरेषेकडे झेपावतो. तेवढ्यात कोपरारक्षक त्याचा टेकलेला पाय घोट्यात धरतो. धड वळलेलं, मांडी वळलेली, पाऊल मात्र मॅटवर जागच्या जागी. हा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. कित्येकदा तर कुणी हातही लावलेला नसतो. धावता धावता अचानक थांबून दिशा बदलली किंवा उडी मारून एका पायावर वेडंवाकडं उतरलं, तरी हेच होतं. खेळाडू सांगतो, "आतून खट्‌ आवाज आला." दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. मग बर्फ, चोळणं, गरम पट्टा, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. पंधरा-वीस दिवसांत सूज उतरते, मुलगा नीट चालायला लागतो, घरचे म्हणतात बरं झालं. तो पुन्हा मैदानात उतरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या चढाईतच गुडघा निसटतो.

महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात कबड्डीचे संघ आहेत, त्यामुळे ही गोष्ट बहुतेकांनी जवळून पाहिलेली असते. यानंतर कुणीतरी 'दुर्बिणीचं ऑपरेशन' (लहान छेदातून बारीक दुर्बीण सांध्यात घालून केलेली शस्त्रक्रिया) हा शब्द उच्चारतं आणि सगळ्यांचं लक्ष त्या दुर्बिणीवर जाऊन बसतं. ऑपरेशन कुठे करायचं, खर्च किती, टाके किती, दवाखान्यातून घरी कधी सोडतील. खेळाडूंच्या दुखापतींवर काम करणारा चांगला अस्थिरोगतज्ज्ञ मात्र वेगळ्याच दोन गोष्टींची काळजी करतो: ऑपरेशन हवं की नको हे ठरवणं, आणि ऑपरेशननंतरचे नऊ महिने. मधला तास-दीड तास कौशल्याचा असतो, पण निकाल बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे लागलेला असतो. या लेखात मुख्यतः गुडघ्याबद्दलच बोलू, कारण खेळाडूंमध्ये दुर्बिणीची सर्वाधिक ऑपरेशनं गुडघ्याची होतात.

गुडघ्यात वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं, आणि पुढे वाटी असते. वरच्या हाडाचं टोक गोलसर आणि खालच्या हाडाचा माथा जवळपास सपाट. अशी दोन हाडं नुसती एकमेकांवर ठेवली तर घसरणारच. त्यांना जागेवर ठेवतात ते लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे चिवट पट्टे. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा असतो आणि सांध्याच्या ऐन मध्यभागी एकमेकांना छेद देणारे दोन. त्या दोघांतल्या पुढच्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. लांबी साधारण तीन सेंटिमीटर, रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास. नडगी पुढे सरकू न देणं आणि मांडीखाली तिला गरकन फिरू न देणं ही त्याची कामं. सरळ चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. म्हणूनच एसीएल तुटलेला माणूस बाजारात जाऊन येतो, जिना चढतो, मोटारसायकल चालवतो आणि आपण बरे झालो असं त्याला मनापासून वाटतं. वळणं, थांबणं आणि उडीवरून उतरणं आलं की खरी परिस्थिती कळते.

दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. दवाखान्यात त्यांना सरसकट 'गादी' म्हणतात. त्या शरीराचा भार पसरवतात, हाडांच्या टोकांवरचं कूर्चेचं आवरण झिजू देत नाहीत. एसीएल तुटताना बऱ्याचदा गादीही फाटते. त्या वेळी वाचली, तरी पुढे गुडघा जितक्या वेळा निसटेल तितक्या वेळा ती हाडांमध्ये चिरडली जाण्याचा धोका असतो. हा मुद्दा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढचे बरेच निर्णय यावरच ठरतात.

आता त्या सुजेबद्दल. दुखापतीनंतर दोन-चार तासांत गुडघा भरून आला तर आत बहुधा रक्त साचलेलं असतं आणि त्याचं सर्वात नेहमीचं कारण एसीएल तुटणं हे आहे. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर गादीचा संशय अधिक. म्हणजे "सूज कधी आली?" या एका प्रश्नाच्या उत्तरात अर्धं निदान असतं आणि ते मैदानावरच्या माणसालाच ठाऊक असतं. अशा गुडघ्याला पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये, खाटकन ओढून 'बसवू' तर मुळीच नये. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा; क्रेप बँडेज; पाय उशीवर उंच. गावात चोळून देणारी माणसं मायेनं आणि बहुतेकदा फुकट करतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण आत रक्तस्राव चालू असताना चोळल्यानं तो वाढतो. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर थांबू नये, गादीचा फाटलेला तुकडा उलटून सांध्यात अडकलेला असू शकतो. पाऊल गार पडलं, बधिर झालं तर त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठायचं. रक्तवाहिनी दुखावल्याची ती खूण असू शकते.

सर्जनच्या खोलीत पहिलं काम हातांचं असतं. रुग्णाला उताणं झोपवून गुडघा वीस-तीस अंशात वाकवायचा, एका हातानं मांडी धरायची, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढायची. एसीएल शाबूत असेल तर नडगी थोडी सरकून ठामपणे थांबते. तुटला असेल तर ती जास्त पुढे येते आणि थांबण्याचा तो ठामपणा हाताला लागत नाही. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. फिलाडेल्फियातले जॉन लॅकमन आपल्या विद्यार्थ्यांना ती शिकवत; त्यांचेच विद्यार्थी जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. चांगला डॉक्टर आधी धडधाकट गुडघा तपासतो, मग दुखरा, कारण प्रत्येकाच्या सांध्याची मुळातली सैलता वेगळी असते. गुडघा फारच सुजलेला असेल तर रुग्ण वेदनेनं स्नायू आवळून धरतो आणि काही कळत नाही. तेव्हा "दहा दिवसांनी या, पुन्हा तपासू" असं सांगणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, पण हाड मोडलं आहे का ते कळतं, म्हणून तो काढायचाच. लिगामेंट आणि गादी एमआरआयमध्ये दिसतात. मात्र एमआरआय हे स्थिर चित्र आहे. गुडघा निसटतो की नाही, रुग्णाला काय काम करायचं आहे, स्नायूंची ताकद किती उरली आहे, यातलं काहीच ते सांगत नाही. पन्नाशीनंतर तर जास्तच सांभाळून. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 50 ते 90 वयाच्या 991 जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गादीत फाटल्याच्या खुणा दिसल्या, त्यांच्यातल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघेदुखीचा किंवा आखडण्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे या वयात रिपोर्टवर 'गादी फाटली आहे' असं छापून आलं, म्हणून दुखणं त्यामुळेच आहे असं होत नाही.

इथे मला ठामपणे सांगावंसं वाटतं: झिजलेल्या गुडघ्याची 'दुर्बिणीनं साफसफाई' करून घेण्याआधी दहा वेळा विचार करा. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये 180 रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला, त्याचा अहवाल 2002 मध्ये आला. सगळ्यांना गुडघ्याची झीज होती. काहींच्या सांध्यात खरोखर दुर्बीण घालून सफाई केली, काहींच्या कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाठपुरावा केला, पण वेदना आणि हालचालीत दोघांमध्ये फरक सापडला नाही. फिनलंडमध्ये 2013 मध्ये 146 रुग्णांच्या झिजून फाटलेल्या गादीबाबतही तसाच निष्कर्ष निघाला. आपल्या आई-वडिलांच्या वयाच्या माणसांना वजन, चालणं आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी जे मिळतं, ते बहुतेक वेळा या सफाईतून मिळत नाही. अडकणारा सांधा किंवा तरुणाची ताजी फाटलेली गादी ही गोष्ट निराळी.

तरुण खेळाडूच्या तुटलेल्या एसीएलचं काय? इथे उत्तर सरळ नाही, आणि ते सरळ आहे असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या माणसांचा अभ्यास झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं आणि व्यायाम दिला, निम्म्यांना नुसता व्यायाम दिला आणि गरज वाटली तर नंतर ऑपरेशनची मुभा ठेवली. दोन वर्षांनी, 2010 मध्ये, निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या गुडघ्यांची अवस्था सारखीच होती. दुसऱ्या गटातल्या 59 पैकी 23 जणांनी तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, पाच वर्षांपर्यंत हा आकडा निम्म्यावर गेला. याचा अर्थ असा की उरलेल्या निम्म्यांचं ऑपरेशनविना चाललं, आणि कुणाचं चालेल हे पहिल्या आठवड्यात सांगता येत नाही.

म्हणून सर्जन विचारतो: तुम्हाला करायचं काय आहे? कबड्डी, फुटबॉल, कुस्ती, बास्केटबॉल अशा वळणावळणाच्या खेळात पुन्हा उतरायचं असेल तर ऑपरेशनकडे कल असतो. दुकान चालवणारा, पोहणारा, सायकल चालवणारा माणूस आधी तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहू शकतो. त्यात गुडघा निसटला नाही तर ऑपरेशनची गरज राहत नाही. निसटत असेल, बांधावरून उतरताना किंवा ओल्या चिखलात पाय दगा देत असेल, तर खेळ नसला तरी ऑपरेशनचा विचार करावा, कारण प्रत्येक निसटण्यात गादी पणाला लागते. फक्त 'लिगामेंट तुटलंय, परवा ऑपरेशन' अशी घाई सहसा लागत नाही. उलट सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडण्याची भीती कमी होते. गादी अडकली असेल किंवा अनेक लिगामेंट तुटली असतील तेव्हा मात्र वेळ महत्त्वाची.

दुर्बीण आली कशी, हे थोडं सांगतो, कारण त्याची सुरुवात आपल्या जमिनीवरच्या बैठकीशी नातं सांगणारी आहे. टोकियोत केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्या काळी क्षयरोगानं गुडघे आखडत, आणि जमिनीवर बसण्या-उठण्याचा रिवाज असलेल्या जपानमध्ये ताठ गुडघा म्हणजे मोठंच अपंगत्व. रोग लवकर ओळखता यावा हा त्यांचा उद्देश. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी एकविसाव्या क्रमांकाची दुर्बीण बनवली, तिच्या टोकाला बारीकसा दिवा असे, आणि 1962 मध्ये तिच्या साहाय्यानं फाटलेल्या गादीचा तेवढाच तुकडा काढला. त्याआधी गुडघा उघडून अख्खी गादी काढून टाकायची पद्धत होती. तसं केल्यावर गुडघ्याच्या एक्स-रेत झिजेच्या खुणा दिसू लागतात हे इंग्लंडच्या फेअरबँक यांनी 1948 मध्येच दाखवलं होतं. आज गादीच्या बाहेरच्या कडेला, जिथे रक्तपुरवठा आहे, चिरा असेल तर सर्जन तिला टाके घालून वाचवण्याचा प्रयत्न करतात. गादी वाचवणं हे मला या शस्त्रक्रियेचं सर्वात मोठं देणं वाटतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये बहुधा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना एक सेंटिमीटरच्या आतले छेद घेतात. एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून अवजारं. सलाईननं सांधा फुगवतात म्हणजे आत जागा होते, आणि सगळं पडद्यावर दिसतं. तुटलेला एसीएल सहसा शिवत नाहीत. सांध्यातल्या द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि टोकं सहजी जुळून येत नाहीत. म्हणून नवीन पट्टा बसवावा लागतो. तो रुग्णाच्याच शरीरातून घेतात: मांडीच्या मागच्या स्नायूंचे कंडरे (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट दोर), किंवा वाटीखालचा पट्टा, किंवा वाटीच्या वरचा. मागचे कंडरे घेतले तर त्यांची घडी घालून आठ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दोर तयार करतात. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत बोगदे पाडून तो ओवतात आणि बारीक बटण व स्क्रू लावून पक्का करतात. बोगदा नेमक्या जागी पाडणं हे सर्जनचं खरं कसब. जागा चुकली तर नवा पट्टा एक तर सैल राहतो, नाहीतर गुडघा पूर्ण हलू देत नाही. छेद लहान असले तरी हे मोठं ऑपरेशन आहे. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, सांधा आखडणं हे धोके कमी असले तरी आहेत.

आणि आता सर्वात महत्त्वाचा भाग, ज्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

बसवलेला पट्टा पहिल्या दिवशी मजबूत असतो. पण त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढचे काही आठवडे शरीर त्याला आतून पोखरून नव्यानं बांधू लागतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. या काळात, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान, तो सर्वात दुबळा असतो. आणि नेमका तेव्हाच रुग्णाला सर्वात बरं वाटत असतं! दुखत नाही, सूज नाही, कुबड्या सुटल्या, टाके कधीच निघाले. मित्र मैदानावर बोलावतात. तुटण्याचा धोका आणि आत्मविश्वास एकाच वेळी टोकाला असतात. पट्टा पूर्ण पिकायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. बाहेरून त्याची कोणतीच खूण दिसत नाही, म्हणून घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी ही गोष्ट तोंडपाठ करून ठेवली पाहिजे.

पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा 'चालू' होणं ही मोठी कामं. सुजलेल्या सांध्यामुळे मज्जासंस्था तो स्नायू आवळूच देत नाही आणि मांडी बघता बघता बारीक होते. गादीला टाके घातले असतील तर उकिडवं बसणं, मांडी घालणं काही महिने बंद. तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत हलकं धावणं, सहाच्या आसपास वळणं आणि उड्या, तेही ताकद आली असेल तरच. मैदानावर परतण्याआधी दोन्ही पायांची ताकद मोजतात, एका पायावर लंगडी घालून लांब उड्या मारायला लावतात. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या निदान 90 टक्के भरला पाहिजे. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्यानं कमी होत गेली. इतकी स्वस्त आणि इतकी गुणकारी दुसरी उपाययोजना या सगळ्या उपचारात नाही.

ऋषभ पंतचा अपघात 30 डिसेंबर 2022 चा. गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारी 2023 मध्ये मुंबईत झालं, आणि तो आयपीएलमध्ये परतला मार्च 2024 मध्ये. मधल्या चौदा महिन्यांत त्याच्या दिमतीला पूर्णवेळ फिजिओ, जिम, आहारतज्ज्ञ होते. विनेश फोगाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईतच झालं आणि वर्षभरात ती पॅरिसमध्ये अंतिम फेरीपर्यंतच्या लढती जिंकली. ही उदाहरणं उमेद देतात, पण सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या चढाईपटूला ऑपरेशननंतर फिजिओकडे जायला एसटीनं दोन तास लागतात, रोजचा खर्च परवडत नाही, आणि पोलिस किंवा रेल्वेची भरती तोंडावर असते. क्रीडा कोट्यातली नोकरी हेच ज्याचं भविष्य, त्याला 'नऊ महिने थांब' म्हणणं सोपं नाही. तरी हे आधीच सांगायला हवं. ऑपरेशननंतर कोणत्याही खेळात परतणारे जगभरात सुमारे 81 टक्के, आधीच्या पातळीला पोचणारे 65 आणि स्पर्धात्मक खेळात परतणारे 55 टक्के, असं 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं. मला वाटतं, आठवड्याला एकदा फिजिओला भेटून घरी रोज तासभर व्यायाम करणारा खेळाडू, महागडं ऑपरेशन करून व्यायाम सोडणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे जाईल. ऑपरेशनसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी निम्मी रक्कम फिजिओसाठी बाजूला ठेवली तर फार बरं होईल.

यातल्या कितीतरी दुखापती टाळता येतात. सरावाआधी पंधरा-वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम, म्हणजे एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडीवरून उतरताना गुडघे वाकवून आणि आत न वळू देता उतरणं. फुटबॉलमध्ये 'फिफा इलेव्हन प्लस' नावानं हा कार्यक्रम रुजला आहे आणि त्याला ना यंत्र लागतं ना पैसे. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण मुलांच्या किमान दुपटीनं जास्त असतं, त्यामुळे मुलींच्या कबड्डी-खोखो संघांना तर याची आधी गरज आहे. मैदानाला दोन फेऱ्या मारून थेट चढाईला उभं राहणं म्हणजे वॉर्मअप नव्हे.

सर्जन निवडताना एवढं पाहावं. एमबीबीएसनंतर तीन वर्षं अस्थिरोगशास्त्राचं शिक्षण झालं की डॉक्टर हाडांचे तज्ज्ञ होतात. दुर्बिणीच्या आणि खेळातल्या दुखापतींच्या शस्त्रक्रियेसाठी त्यानंतर वेगळं फेलोशिप प्रशिक्षण असतं. ते कुठे घेतलं हे विचारायला संकोच नको. वर्षाला अशी ऑपरेशनं साधारण किती करता, पट्टा कुठून घेणार आणि का, गादी काढणार की शिवणार, ऑपरेशन न करता काय होईल, आणि नंतर व्यायाम कोण करून घेणार, हे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाला "घरी करा थोडा व्यायाम" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्यावं. त्या वेळी एमआरआयचा नुसता कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडी सोबत ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं स्वतः पाहायची असतात, आणि ती नसतील तर तोच एमआरआय पुन्हा पैसे भरून काढावा लागतो.